दोन शेपट्यांची गाठ

पोर्ट मोर्सबी
३ मार्च १९८६

प्रिय मामा,

‘म्हातारा तुझ्याकडे बरा आहे ना? कपाट कोरडं आहे ना?’ एवढंच विचारून तुम्ही पत्र संपवलंत. मामा, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. कुठला म्हातारा हेच मला माहीत नाही. खरं सांगायचं तर, माहीत असावं अशी भीती वाटते, म्हणून आधी तुम्हालाच विचारते आहे.

तुमचं पत्र वेवाकच्या मिशनमधून इथवर यायला पाच आठवडे लागले. पाकिटाला धुरावलेल्या माशाचा वास होता. कचेरीतल्या मुली नाक धरून हसल्या. मी ते टेबलावरच उघडून वाचलं आणि मग दिवसभर काम सुचलं नाही.

मी इथे काय करते ते तुम्ही गावभर सांगता म्हणे. सरकारची खुर्ची, सरकारचा पंखा. खुर्ची आहे. पंखा गेल्या वर्षापासून बंद आहे. देशाबाहेर जाणारी प्रत्येक जुनी वस्तू आधी माझ्या टेबलावर येते. भाले, गदा, ढाली, सुरे. कोण विकतं, कोण घेतं ते माझं काम नाही. वस्तू कशाची बनली आहे ते भिंगातून बघून लिहायचं आणि सही करायची. मग माझे वरिष्ठ, वागी साहेब, शिक्का मारतात. भाल्याचं लाकूड खरंच काळं पाम आहे की साध्या लाकडाला काजळी फासली आहे? सुळा रानडुकराचा की प्लास्टिकचा? तापलेली सुई लावली की प्लास्टिक रडतं, सुळा गप्प बसतो. ‘शंभर वर्षांच्या’ कितीतरी गदा गेल्या वर्षी घडवलेल्या असतात. आठवडाभर चुलीवर धुरी देतात, वरून बूटपॉलिश चोळतात. मी वासावरून सांगते कुठल्या कंपनीचं ते. आणि हाड असेल तर कुणाचं, डुकराचं, कॅसोवरी पक्ष्याचं की माणसाचं, ते बघते. माणसाचं हाड देश सोडून जात नाही, ते कचेरीच्या कपाटात कुलपात राहतं. तसा कायदा आहे, आणि या नोकरीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. मुलाखतीत मी म्हटलं होतं, माझ्या टेबलावरून आपल्या लोकांचं काहीही खोट्या नावाने जाणार नाही. वागी साहेबांनी तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

डिसेंबरात वेवाकच्या डफीची पेटी आली. तोच तो लाल मिशांचा, होडी घेऊन गावोगाव जुन्या वस्तू उचलत फिरणारा. पेटीत अकरा वस्तू होत्या. त्यात एक हाडाचा सुरा होता. मुठीला दोरी गुंडाळलेली होती, घट्ट, पार टोकापर्यंत. दोरीला दोन शेपट्यांची गाठ होती.

मामा, ती गाठ तुम्ही बांधलीत का? नसेल तर तसं लवकर लिहा. कपाटाबद्दल मी नंतर लिहीन.

आईला सांगा, तब्येत चांगली आहे.

तुमची भाची,
लुडविना


सुंबरागाई, सेपिक नदी
१० एप्रिल १९८६

लुडविना, पोरी,

एवढी शिकलीस आणि गाठ कुणाची म्हणून मला विचारतेस? तुझ्या घोट्याला कुठली गाठ होती? सहा वर्षांची होतीस. नदीवर पाय धुताना ओली दोरी टोचली म्हणून सोडून टाकलीस. मामाने बांधलेलं मामानेच सोडायचं, एवढं साधं तुला कळू नये? तुझ्या आईने तुझी पाठ लाल केली आणि दोष निवारायला मला माझ्या घरची कोंबडी द्यावी लागली. अंडी देणारी होती. मी काही अजून विसरलेलो नाही.

आता ऐक. मोठ्याने हसू नकोस, कचेरी आहे.

म्हातारा म्हणजे माझ्या बापाचा बाप. वोलिमान. तुझा पणजोबा. या काठावर त्याच्यासारखा भाला फेकणारा झाला नाही. तो गेल्यावर माझ्या बापाने त्याच्या मांडीच्या हाडाचा सुरा घडवला आणि पुरुषांच्या विधींत जन्मभर दंडाला बांधून वागवला. त्याच्यानंतर मी. बायकांनी बघायचा नाही म्हणून तू कधी पाहिला नाहीस, पण पुरुषांच्या घरात आढ्याला तो होता आणि तुम्ही सगळ्या त्याच्याखालून, बाहेरून का होईना, जात-येत होतात.

पण पुरुषांच्या घरात आता काही टिकत नाही. माझ्या भावाचा तो बेनेडिक्ट दोन मुखवटे डफीच्या होडीत घालून आला आणि वर मलाच सिगारेट पुढे करतो! म्हणतो, ‘काका, ओढा, बाहेरगावची आहे.’ मी ओढली. पण मनात म्हटलं, आज मुखवटे गेले, उद्या म्हातारा जाणार. मग मी सुपारी चघळत दोन दिवस विचार केला. डफीला वस्तू देशाबाहेर न्यायची तर कागद लागतो. कागद कोण करतं? माझी भाची. सरकारच्या कपाटाला कुलूप कशाचं? लोखंडाचं. मग म्हाताऱ्याला काखेत मारून मी कशाला राजधानीपर्यंत तडफडू? चोराच्याच खांद्यावर बसवून त्याला पोलीसठाण्यात पोचवू!

तर मीच डफीला हाक मारली. सुरा दिला. त्याने बदल्यात होडीचं जुनं इंजिन दिलं. मूठ मी मुद्दाम नव्या दोरीने बांधली, आपली गाठ घातली. म्हटलं, पोरगी गाठ बघेल, ओळखेल, दोरी सोडेल, हाड बघेल आणि लाल शाईने लिहील, ‘हे जाणार नाही.’ डफी मिशा उपटत बसेल. म्हातारा वाळवी नसलेल्या कपाटात आणि मामा इंजिनच्या होडीत! आता सांग, तुमच्या विद्यापीठात असलं काही शिकवतात का?

आठवड्यातून एकदा त्याला नावाने हाक मारत जा. नाहीतर तो रुसतो.

कॉस्मास मामा


केर्न्स, ऑस्ट्रेलिया
२८ एप्रिल १९८६

कु. लुडविना यांस,

आपली ओळख नाही, पण आपल्या अक्षराची मला चांगली ओळख आहे. माझ्या संग्रहातल्या चौदा वस्तूंबरोबर आपल्या सहीचे दाखले आहेत. एका गदेबद्दल आपण ‘लाकूड जुने, डाग नवा’ असं लिहिलं होतं, तेव्हा मी विकणाऱ्यावर चिडलो आणि आपल्यावर खूश झालो.

चाळीस वर्षं मी गुरांचा डॉक्टर होतो. आता सेपिकचे सुरे आणि गदा यांची एक सूची करतो आहे. जानेवारीत श्री. डफी यांच्याकडून आलेल्या सुऱ्याच्या दाखल्यात आपण ‘कॅसोवरीचं हाड’ एवढंच लिहिलं आहे. इतर वेळी आपण मुठीचं वर्णन वेगळं देता. इथे दिलेलं नाही. मूठ दोरीने पूर्ण झाकलेली आहे. ती सोडून आत बघण्याचा मोह होतो, पण आपल्याला विचारल्याशिवाय सोडणार नाही.

काय करावं?

आपला,
नॉर्मन ट्रेगियर


पोर्ट मोर्सबी
१२ मे १९८६

श्री. ट्रेगियर यांस,

आपलं पत्र मिळालं. दोरी सोडू नये. अशा वस्तूची मूळ बांधणी अखंड असणं फार दुर्मिळ असतं आणि ती एकदा सुटली की पुन्हा तशी बांधता येत नाही. सूचीत ‘मूठ मूळ दोरीने आच्छादित’ एवढं लिहिणं पुरेसं होईल.

आपली,
लुडविना


पोर्ट मोर्सबी
१४ मे १९८६

प्रिय मामा,

म्हातारा माझ्या कपाटात नाही. तो जानेवारीत समुद्रापलीकडे गेला. केर्न्स नावाच्या गावात, एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाच्या भिंतीवर किंवा पेटीत तो आहे. माझ्या सहीच्या कागदावर तो कॅसोवरी म्हणून गेला.

हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. तुम्ही हे पत्र होडीत उभं राहून वाचू नका, बसा.

गाठ मी ओळखली होती. पेटीतून सुरा उचलला, गाठ समोर आली आणि माझा हात आपोआप मागे गेला. तुम्हाला वाटलं, शिकलेली मुलगी ती सोडेल. आणि मला वाटलं, मामाने बांधलेलं आहे, मी कोण सोडणारी? टेबलावर कात्री होती, चिमटा होता, शेजारी बसणारी मुलगी किनाऱ्याकडची, तिला सांगितलं असतं तर तिने एका मिनिटात सोडलं असतं. तिला सांगायचंही मला सुचलं नाही. मला फक्त तो सुरा माझ्यासमोरून लवकर जायला हवा होता. मी ‘कॅसोवरीचं हाड’ लिहिलं, सही केली आणि पुढची वस्तू घेतली. ती एक साधी ढाल होती. तिच्यावर मी अर्धं पान लिहिलं.

त्या गोऱ्या माणसाने परवा पत्रातून विचारलं, दोरी सोडू का. मी त्याला कळवलं, सोडू नका, ती मूळ बांधणी आहे. तुमची नवी दोरी, मामा. मी तिला मूळ म्हटलं. पहिल्या वेळी निदान मी घाबरले होते. या वेळी नीट विचार करून, स्वच्छ अक्षरात लिहिलं.

तुम्हीच शिकवलेला नियम मी पाळला, एवढं तरी माझ्या बाजूने धरा. मला काय करू ते सांगा.

लुडविना


सुंबरागाई
२ ऑगस्ट १९८६

लुडविना,

तुझं पत्र मला जूनमध्येच मिळालं. उत्तर लिहायला बसायचो आणि पेन्सिल तासत राहायचो. तीन पेन्सिली संपल्या.

चूक माझी आहे. मीच लहानपणी तुझ्या हाताला भीती बांधली आणि मीच धरून चाललो की राजधानीत गेल्यावर ती आपोआप सुटली असेल. शिकलेल्या लोकांबद्दल आम्ही असंच काहीबाही समजतो.

इंजिन घराखाली ठेवलंय, पोत्याने झाकून. मी वल्ह्यानेच जातो. लोक विचारतात, ‘कॉस्मास, इंजिन आजारी आहे का?’ मी म्हणतो, सुतकात आहे. ते हसतात. बेनेडिक्टने भाड्याने मागितलं, त्याला मी वल्हं उगारलं. कुणाला काही सांगितलेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. पुरुषांच्या घरात आढ्याला मी एक लाकडाचा तुकडा दोरीने गुंडाळून लटकवला आहे. म्हातारे लोक खालून मान देऊन जातात. ते आले की मी मागच्या शिडीने उतरून जातो.

आता नीट ऐक. तू गप्प राहायचंस. तू बोललीस तर तुझी खुर्ची जाईल. तुला इथलं माहीत नाही. या वर्षी गावातल्या सात मुली मिशनच्या शाळेत जाताहेत. सात! होडीत बसवताना आया त्यांना सांगतात, लुडविनासारखी हो. त्या मुलींचे बाप वर्षभर माझं तोंड बघून त्यांना पाठवतात. सरकारच्या कागदावर लुडविनाने खोटं लिहिलं, हे नदीत पसरलं तर पुढच्या वर्षी त्या होडीत किती मुली असतील? मला मोजता येत नाही, पण मला ठाऊक आहे.

म्हातारा मेलेला आहे. त्याला घाई नाही. मुली जिवंत आहेत.

मी मामा म्हणून सांगतोय, विचारत नाही.

कॉस्मास


केर्न्स
२० ऑगस्ट १९८६

कु. लुडविना यांस,

आपल्या सांगण्याप्रमाणे मी दोरी सोडलेली नाही. तरी मन स्वस्थ बसत नाही म्हणून लिहितो.

पक्ष्यांची हाडं मी पुष्कळ हाताळली आहेत. त्यांच्या भिंती पातळ असतात. या पात्याची भिंत जाड आहे आणि ते जास्त गोलाईने वळलेलं आहे. दोरीच्या कडेखालून एक बारीक कंगोरा बाहेर येतो आणि अर्ध्या बोटावर विरून जातो. कॅसोवरीच्या पायाला असा कंगोरा मी पाहिलेला नाही. दुसऱ्या एका प्राण्याच्या मांडीला तो असतो, मागच्या बाजूने, वरपासून खालपर्यंत.

मी पंचाहत्तर वर्षांचा आहे आणि हा सुरा मला फार आवडतो. त्यामुळे एकदाच विचारतो. आपण पुन्हा ‘कॅसोवरी’ म्हणालात तर मी ते मान्य करीन, सूचीत तसं छापीन आणि हा विषय मरेपर्यंत काढणार नाही. आपला शब्द माझ्यासाठी शेवटचा.

आपला,
नॉर्मन ट्रेगियर


पोर्ट मोर्सबी
१४ ऑक्टोबर १९८६

प्रिय मामा,

तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

तुमचं पत्र आणि त्या गोऱ्या माणसाचं पत्र एकाच आठवड्यात आलं. तुम्ही म्हणता, गप्प राहा. तो म्हणतो, एक शब्द लिहा, मी विश्वास ठेवतो. दोघांनी माझ्यासाठी दार लावून घेतलं होतं, आता मी फक्त कडी घालायची होती. त्याचं पत्र मी पर्समध्ये घालून नऊ दिवस फिरवलं.

त्या पत्रात एक गोष्ट होती. दोरीखालून निघणारा कंगोरा. मामा, तो मला डिसेंबरातच दिसला होता. मी तुम्हाला मे महिन्यात लिहिलं की मी नियम पाळला, गाठ सोडली नाही. त्यातून तुम्ही समजलात की आत काय आहे ते मला कळलंच नव्हतं. मी तुम्हाला तसं समजू दिलं. दोरी सोडायची गरजच नव्हती. पात्याची जाडी हाताला कळली होती, गोलाई कळली होती, कंगोऱ्यावरून अंगठा फिरवला होता. ही सगळी लक्षणं मी स्वतः नव्या मुलींना फळ्यावर काढून शिकवते. लिहिलं असतं तर वागी साहेब म्हणाले असते, मूठ उघडून खात्री करा. म्हणजे गाठ मलाच सोडावी लागली असती. ते टाळायला मी पक्ष्याचं नाव लिहिलं. तुम्ही ‘चूक माझी’ म्हणून तीन पेन्सिली संपवल्यात आणि मी तुम्हाला त्या संपवू दिल्या.

बारा सप्टेंबरला मी ट्रेगियर साहेबांना खरं लिहिलं. दोरी नवी आहे हेही. मग तेच कागद घेऊन वागी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

म्हणाले, “सही तू केलीस. शिक्का मी मारला. मग आपल्या दोघांत मोठं गाढव कोण?”

मी म्हटलं, “मी, साहेब.”

“एवढ्या लगेच कबूल करू नकोस, मला थोडी जागा ठेव.” मग त्या सुऱ्याची फाइल काढून पुढ्यात घेतली. “तुम्ही सेपिकचे लोक! आम्हा किनाऱ्यावरच्यांचे आजोबा आपले गुपचूप मातीत झोपतात. तुमचे मेल्यावरही प्रवासाला निघतात.” हसले नाहीत मात्र. त्या दिवसापासून माझा सहीचा अधिकार काढला आहे. माझे आधीचे सगळे दाखले दुसरा माणूस पुन्हा तपासणार आहे. मी मागच्या कोठारात बसून जुन्या कार्डांवर नंबर घालते. तिथे पंखा चालतो.

सुरा सप्टेंबरच्या शेवटी आला. ट्रेगियर साहेबांनी स्वतःच्या खर्चाने, कापसात गुंडाळून, लाकडी पेटीतून पाठवला. सोबत चार ओळी होत्या. ‘मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मलाही ते कॅसोवरी असायला हवं होतं. म्हणून चार महिने मी तुम्हाला प्रश्न विचारत राहिलो आणि स्वतःला विचारला नाही. माफी कुणाची मागायची ते तुम्ही सांगा.’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही सांगा काय लिहू.

आता नियम असा की जुना दाखला रद्द करायचा तर वस्तू पुन्हा पूर्ण तपासावी लागते. मूठ उघडून, दोन साक्षीदारांसमोर. वागी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “तुझ्या मामाला निरोप पाठवू. येऊन सोडू दे त्याला. महिना लागो, दोन लागोत, मी फाइल उघडी ठेवतो.” मामा, एवढं समजून घेणारा वरिष्ठ मला पुन्हा मिळणार नाही.

मी म्हटलं, नको.

आपल्या रीतीचा मला राग आलेला नाही. तसं कुणी म्हणालं तर पटू देऊ नका. पण डिसेंबरात मी हात मागे घेतला तो रीतीसाठी घेतला नव्हता. दुसरं कुणीतरी बघून घेईल म्हणून घेतला होता, आणि रीत मला पांघरायला सापडली. तुम्ही आलात आणि सोडलीत तर तेच पुन्हा होईल. मी पुन्हा बाजूला उभी राहून बघत राहीन.

तुम्ही सात मुलींबद्दल लिहिलंत. त्याचा मी सगळ्यात जास्त विचार केला. रडलेही. पण मामा, त्यातली एखादी उद्या याच टेबलावर बसेल. तिलाही तिच्या कुणाची तरी गाठ दिसेल. तिला काय सांगायचं, लुडविनासारखी हो? मी मिशनच्या सिस्टर हेडविग यांना वेगळं पत्र पाठवलं आहे, वर्गात मोठ्याने वाचायला. काय चुकलं, कसं चुकलं, सगळं. पुढच्या वर्षी होडीत दोनच मुली असतील तर त्याचा दोष माझा. तो दोषही मी तुमच्यावर टाकत नाही. त्यांच्या वडिलांना तोंड द्यायला मी डिसेंबरात स्वतः येते आहे. तोवर त्यांना तोंड तुम्हालाच द्यावं लागेल, त्याबद्दल क्षमा करा.

तुम्ही मार्चमध्ये ऐकायला हवं होतं ते उत्तर आता देते. म्हातारा माझ्या कचेरीच्या कपाटात आहे. कुलूप लोखंडाचं आहे. कपाट कोरडं आहे, वाळवी नाही. मी रोज सकाळी दाराबाहेरून त्यांचं नाव घेते. ते बरे आहेत का, हे मात्र मला अजून सांगता येत नाही. त्यांनी कपाटात राहायचं की आढ्याला परतायचं, ते तुम्ही पुरुषांनी बसून ठरवा. गावाने मागितलं तर ते परत मिळतील, वागी साहेबांनी तसं लिहून दिलं आहे. पण त्याआधी तो लाकडाचा तुकडा तुम्हाला सगळ्यांदेखत खाली काढावा लागेल. ते मी तुमच्यासाठी करू शकत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, वागी साहेब आणि ती किनाऱ्याकडची मुलगी यांच्यासमोर, मी गाठ सोडली. कात्री वापरली नाही. बोटांनी सोडली. तुम्ही फार घट्ट बांधता, डाव्या हाताचं नख मोडलं. आत माणसाच्या गुडघ्याचे दोन उंचवटे होते, पक्ष्याच्यापेक्षा कितीतरी रुंद. झिजून गुळगुळीत झालेले, आजोबांच्या आणि तुमच्या तळहातांनी. मी माझा तळहात त्यांवर ठेवला. ठेवायचा नव्हता, ठेवला.

दोरी या पाकिटात पाठवते आहे. कोंबडी या वेळी माझ्याकडून, डिसेंबरात येताना आणते. अंडी देणारी आणीन.

गाठ सुटल्यावर मी फॉर्म पुढे घेतला. सहीचा अधिकार नसला तरी तपासणाऱ्याने रकाने भरायचे असतात. पदार्थ या रकान्यात लिहिलं, माणसाचं हाड, मांडीचं. त्याखाली रकाना असतो, ‘ओळख कशावरून पटली?’ तिथे मी नेहमी भिंग, वजन, सुई असं काही लिहिते. या वेळी लिहिलं, ‘वोलिमान. मी त्यांची पणती आहे.’ साहेबांनी वाचलं आणि शिक्का मारला.

लुडविना